तडतड्याचा शेवटचा भाग

किसनाची बोट परत आली. किसना आला नाही. बोटीवरच्या खलाशांनी सांगितलं की वारा सुटला, अडकलेलं जाळं सोडवायला किसना वाकला आणि पाण्यात गेला. त्यांनी शोधलं. अंधार पडल्यावर ते परतले. त्याच्या आईला सांगायला कोणी जाईना, म्हणून जनूदादा गेला.

मला लिहायचं आहे ते जनूदादाबद्दल. तो आता नाही. त्याच्याविषयी लिहायला बसलो की मी प्रत्येक वेळी त्याच्या कारखान्यापासून नाहीतर त्याच्या त्या पुस्तकांपासून सुरुवात करतो, आणि पानभर लिहून थांबतो. त्याची गोष्ट किसनाच्या दिवसापासूनच सुरू होते, हे मला उशिरा कळलं.

आमचं गाव तारापूरच्या पुढे, किनाऱ्याला लागून. तिथे दोन घरांच्या मध्ये कुंपण नसतं, बोंबील वाळत घालायच्या बांबूंची रांग असते. आमच्या आणि जनूदादाच्या घरांत अशी एक रांग होती. मी शिकून पालघरला वाचनालयात नोकरीला लागलो आणि रविवारचा पाहुणा झालो. जनूदादा माझ्यापेक्षा बराच मोठा. अंगाने काटकुळा, मान पुढे काढून चालणारा, आणि आवाज मात्र त्या अंगात मावणार नाही एवढा. तो ओट्यावरून बायकोला हाक मारायचा तेव्हा पलीकडच्या आळीतली माणसं ‘काय रे?’ म्हणून विचारायची.

तरुणपणी तो बोईसरला रंगाच्या कारखान्यात होता. राहायला सालवडला, परप्रांतातल्या कामगारांबरोबर एका खोलीत. त्या दिवसांतून त्याने तीन गोष्टी गावात आणल्या. एक खोकला. दुसरी पिवळी नखं, जी पुढे कधी गेली नाहीत. कुणाच्या हळदीला गेला की बायका म्हणायच्या, ‘नवरदेव आला बघा, घरूनच लावून आला!’ आणि तिसरी गोष्ट म्हणजे पोतंभर जुनी कॉमिक्स.

खोलीतल्या पोरांनी वाचून टाकलेली, रद्दीतून आलेली, पुन्हा रद्दीत जाणारी ती हिंदी पुस्तकं. बहुतेकांना मुखपृष्ठ नव्हतं. शेवटची पानं तर हमखास नसायची. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यावर रंगीत अंगठे उमटलेले, ज्याचं जे खातं त्याचा तो रंग. जनूदादा ते ठसे ओळखायचा. ‘हा निळा मानूस घाईत वाचायचा. हा लाल हाय ना, याला चित्रांतली बाई आवडलेली दिसते, तिथंच चार अंगठे हायेत.’

कारखाना बंद पडला तसा तो गावी परत आला आणि वडिलांच्या बोटीवर जाऊ लागला. छातीने साथ दिली नाही, म्हणून किनाऱ्यावरच राहून जाळी दुरुस्त करू लागला. पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सगळं गाव मांडवात बसून फाटकी जाळी विणतं. हात चालतात, तोंडं मोकळी असतात. तोंडं मोकळी राहिली की भांडणं होतात. त्यावर उपाय म्हणून जनूदादाने एका पावसाळ्यात पोतं उघडलं, आणि पुढे तो गावाचा रिवाजच झाला. त्याच्या वाट्याचं जाळं बाकीच्यांनी विणायचं आणि त्याने मोठ्याने वाचायचं.

वाचायचं म्हणजे हिंदीतलं जागच्या जागी आपल्या बोलीत करायचं. चित्रातल्या आवाजांसाठी त्याच्याकडे वेगळी तयारी होती. इमारत कोसळली की तो छाती भरून घ्यायचा आणि मांडवाबाहेरची कुत्री उठून जायची. हीरो उडाला की मात्र बोटीच्या डिझेल इंजिनाचा आवाज काढायचा, कारण आवाज न करता वर जाणारं काहीही त्याच्या मते फसवं होतं. आणि प्रत्येक पान वाचून झालं की पुस्तक उलटं फिरवून, हात लांब करून, डावीकडून उजवीकडे सगळ्यांना चित्र दाखवायचा. शाळेतल्या बाईंसारखं. चित्र सगळ्यांचं बघून झाल्याशिवाय पुढचं पान नाही. हा त्याचा नियम.

दुसरा नियम असा की तो आधी वाचून ठेवत नसे. ‘मला म्हाईत असंल तर माझा आवाज चोरटा होतो,’ तो म्हणायचा. ‘तुमी घाबराल तवा मी पन घाबरलो पायजे.’

त्या पुस्तकांत एक तडितवीर नावाचा नायक होता. हे नाव मांडवात कुणाच्या जिभेला पेललं नाही, त्याचा तडतड्या झाला. अंगातून वीज सोडणारा, जांभळा, छातीवर पिवळी रेघ. पाठीवर फडफडता कपडा. दिवसा चष्मा लावून हवामान खात्यात कारकुनी करायचा, आणि चष्मा काढला की त्याला कोणी ओळखत नसे.

मांडवातला सगळ्यात जुना माणूस गजातात्या. त्याचा तडतड्यावर राग होता. ‘हवामान खात्यात हाय, आन वादळ आल्यावर धावतो? आदल्या दिशी सांगाया काय झालं?’

‘तात्या, सांगितलं तर गोष्ट कशी व्हायची?’ जनूदादा म्हणाला.

‘आन त्यो पाठीचा कपडा. एकदा बोटीच्या पंख्यात अडकू दे, मंग समजंल.’

चष्म्यावर तर कोणाचाच विश्वास बसला नाही. लक्ष्मीमाय म्हणाली होती, ‘आमच्या गावात तोंडाला पोतं बांधून ये, आमी चालन्यावरनं वळखू. त्या शहरातल्या लोकांना काय डोळे नायत?’ लक्ष्मीमाय म्हणजे किसनाची आई. तिची सुई मांडवात सगळ्यांत वेगाने चालायची.

तडतड्याचा एक वैरी होता, बंदुकीतून बर्फ फेकणारा. त्याने अख्खं शहर गोठवलं तेव्हा जनूदादाने भयंकर आवाजात वाचलं आणि पुस्तक फिरवलं. मांडवात कोणी घाबरलं नाही. सगळे कौतुकाने बघत राहिले. किसना म्हणाला, ‘जनूदादा, हा मानूस आपल्या बंदरावर आन. बर्फाची गाडी वेळेवर येत नाय.’ मग त्या वैऱ्याला बोटीवर ठेवलं तर किती दिवस बाहेर राहता येईल, पापलेट किती टिकेल, त्याला जेवायला काय द्यायचं, यावरच सारी दुपार गेली. तडतड्याने शेवटी त्याला तुरुंगात टाकलं तेव्हा मांडव नाराज झाला. गजातात्या म्हणाला, ‘धंद्याची अक्कल नाय.’

किसना अशा वेळी सगळ्यांत मोठ्याने हसायचा. त्याचं लग्न त्याच वर्षी झालं होतं. बायको सुमन, एडवणची. ती सासूच्या मागे अर्धी लपून बसायची आणि पदराआड हसायची.

त्या पावसाळ्याचा शेवटचा भाग असा संपला की वादळात सापडलेल्या जहाजाला वाचवताना तडतड्या समुद्रात बुडाला. पाण्यावर त्याच्या पाठीचा कपडा तेवढा तरंगत होता. पुढचा भाग पोत्यात नव्हता.

‘गेला,’ गजातात्या म्हणाला.

‘जातोय कसला!’ किसना म्हणाला. ‘येनार त्यो. नाय आला तर माझी नवीन चप्पल तुमची, तात्या.’

पुढच्या मे महिन्यात, बंदी सुरू व्हायच्या जरा आधी, किसना गेला.

त्या पावसाळ्यात मांडवात वाचन होणार नाही असं सगळ्यांनी धरलं होतं. दोन आठवडे नुसत्या सुयांचा आवाज होता. मग एका दुपारी लक्ष्मीमायनेच विचारलं, ‘जनू, त्या तडतड्याचं काय झालं?’

पुढचा भाग जनूदादाला उन्हाळ्यात बोईसर स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडे मिळाला होता. नियमाप्रमाणे त्याने तो उघडला नव्हता. त्याने सगळ्यांकडे पाहिलं. कोणी नाही म्हणालं नाही. त्याने घरून पुस्तक आणलं आणि वाचायला बसला. त्याची खोड अशी की तो वाचताना वाचण्यातच बुडायचा. पानं उलटत गेली. कोळ्यांची एक बोट आली, त्यांनी जाळं ओढलं, आणि जाळ्यात माशांच्या ढिगाखाली तडतड्या. कानात मासळी अडकलेली, तोंडावर हसू. जनूदादाने आनंदाने इंजिनाचा आवाज काढला, पुस्तक फिरवलं, हात लांब करून डावीकडून उजवीकडे नेला, आणि लक्ष्मीमायच्या समोर येऊन त्याचा हात थांबला.

ती चित्राकडे बघत होती. किसना गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असं काही कोणी पाहिलं नव्हतं.

‘कोळ्यांनीच काढला,’ ती म्हणाली. ‘बघितलंस सुमन? कोळ्यांनीच काढला.’

त्या संध्याकाळपासून तिने किसनाचं ताट वाढायला सुरुवात केली. गावातल्या जाणत्यांनी सांगून ठेवलं होतं की श्रावणाआधी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, समुद्रात गेलेल्याचं तसंच करतात. तिने भटजींना दारातून परत पाठवलं. ‘तडतड्याला एवढे भाग लागले,’ ती म्हणाली. ‘माझ्या पोराला पन लागतील.’

लोक मागून बोलू लागले. सुमनचे वडील एडवणहून दोनदा येऊन गेले. पोर तेवीस वर्षांची, तिला घेऊन जावं, बोईसरला काही काम बघावं, पुढे तिचंही आयुष्य आहे. पण नवरा गेला असं सासू म्हणत नाही तोवर तिला नेणार तरी कोणत्या नात्याने? ती कुंकू लावत होती आणि सासूने वाढलेलं नवऱ्याचं ताट रोज रात्री झाकून ठेवत होती. सकाळी ते तीच खायची. अन्न टाकायचं कसं.

जनूदादाने एकदा लक्ष्मीमायला समजवायचा प्रयत्न केला. मी त्या रविवारी ओट्यावर होतो.

‘माय, ते कागदावरचं हाय. कोनीतरी पोटासाठी काढलेलं.’

‘पोथी पन कागदावरच हाय,’ ती म्हणाली. ‘ती वाचतोस तवा हात जोडतोस.’

 याचं उत्तर मला वाचनालयात इतकी वर्षं काढूनही सापडलेलं नाही.

सुमन मात्र एकदाच बोलली. बांबूच्या रांगेशी बोंबील उलटे करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘दादा, मी रागावून नाय बोलत. पन तुमी सुरू केलंत. आता तुमीच संपवा.’

पुढच्या उन्हाळ्यात जनूदादा मला घेऊन बोईसरला गेला. स्टेशनबाहेर रिक्षांच्या रांगेमागे तो रद्दीवाला बसायचा. त्याच्याकडे आता कॉमिक्सचा एकच लहान गठ्ठा उरला होता, बाकी सगळी स्पर्धा परीक्षांची पुस्तकं. जनूदादा उकिडवा बसून एकेक चाळू लागला. पिवळ्या नखाने तो शेवटचं पान काढून बघायचा, आणि खाली ठेवायचा. त्याला नियम मोडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

‘क्या चाहिए चाचा?’

‘ऐसा कोई दे, जिसमें हीरो मरता है.’

‘सब में मरता है.’

‘मरता है, और मरा ही रहता है.’

रद्दीवाला हसला. ‘चाचा, वो मर गया तो अगला वाला कौन खरीदेगा?’

जनूदादाही हसला. मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो बराच वेळ गुडघ्यावर हात ठेवून तसाच बसून राहिला. गठ्ठ्यातला तडतड्याचा एक भाग तेवढा घेऊन आम्ही निघालो. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, ‘किती लबाड धंदा. मी इतकी वर्षं वाचतोय, आन एक पन मेलेला नाय. माझ्या लक्षातच नाय आलं.’ सालवडचा फाटा गेला तेव्हा त्याने खिडकीबाहेर पाहिलं आणि आपली जुनी खोली कुठे होती ते दाखवलं.

पावसाळा आला. एका रविवारी मी मांडवात जनूदादाच्या शेजारी बसलो होतो. पाऊस बाहेर पडून पडून कंटाळला होता. लक्ष्मीमायने नेहमीसारखं विचारलं, ‘आज तडतड्या?’

‘आज तडतड्या,’ जनूदादा म्हणाला. ‘शेवटचा भाग.’

गजातात्याची सुई थांबली. ‘शेवटचा?’

‘हां. गावला.’

त्याने वाचायला सुरुवात केली. पुन्हा एकदा वादळ, पुन्हा एक जहाज, पुन्हा तडतड्या पाण्यात. त्याने कसलाही आवाज काढला नाही. बोटी शोधायला निघाल्या. किनाऱ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं उभी राहिली. कोळ्यांनी जाळी टाकली, ओढली, मासळी आली. पुन्हा टाकली, पुन्हा मासळीच आली. वादळ शमलं. हवामान खात्यात त्याची खुर्ची होती, तिच्यावर दुसरा माणूस बसला.

पान संपलं. त्याने उलटलं. पुस्तक फिरवलं नाही.

मांडवातल्या प्रत्येकाने ते पाहिलं. सवयीने माना वर झाल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. 

मी त्याच्या शेजारी होतो, मला पान दिसत होतं. पानभर एकच चित्र होतं. समुद्र फोडून तडतड्या वर येतोय, दोन्ही हात आकाशाकडे, जांभळा, तेजस्वी, बत्तीशी दाखवून हसतोय, आणि काठावरची सारी माणसं टोप्या उडवताहेत. त्या चित्रावर नजर ठेवून जनूदादा वाचत होता: ‘मंग लोकांनी त्याचा पाठीचा कपडा किनाऱ्यावर आनला. त्याच्यावर नारळ ठेवला. आन भरतीच्या पान्यात सोडला.’

‘त्याला आये होती?’ लक्ष्मीमायने विचारलं.

इतक्या वर्षांत तडतड्याच्या आईचा उल्लेख कधी आला नव्हता. अशा लोकांना आई नसते.

‘होती,’ जनूदादा म्हणाला.

‘मंग तिनं काय केलं?’

त्याने पानाकडे पाहिलं, जणू तिथे लिहिलं आहे. त्याचा अंगठा एका जुन्या निळ्या अंगठ्यावर दाबलेला होता.

‘तिनं आंघोळ केली.’

सुया सगळ्याच थांबल्या होत्या. मृत्यूची बातमी आल्यावर आंघोळ करतात. लक्ष्मीमायने ती केली नव्हती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

‘आन जेवली?’

‘आधी सुनेला वाढलं. मंग जेवली.’

लक्ष्मीमायने हातातलं जाळं खाली ठेवलं. विणलेला भाग तिने नीट घडी करून बाजूला सारला, सुई त्यात खोचली, आणि पावसातच उठून घराकडे गेली. सुमन मागे धावली. थोड्या वेळाने आम्हाला विहिरीवर पाणी ओतल्याचा आवाज आला. एक कळशी, मग दुसरी. गजातात्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

श्रावणाआधी दर्भाचा पुतळा झाला. पुढच्या वर्षी सुमन बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लागली, आणि नंतर तिचं दुसरं लग्न झालं. लक्ष्मीमायने स्वतः तिची पाठवणी केली.

जनूदादाने मात्र तडतड्या पुन्हा हातात घेतला नाही. कोणी मागितला तर म्हणायचा, ‘संपला त्यो. तुमीच ऐकलंत ना.’ दुसरे नायक वाचले, पण त्याच्या आवाजाला आता धीर उरला नव्हता. कोणी संकटात पडला की तो वर बघून मांडवात कोण कोण बसलंय ते आधी पाहायचा. एकदा मला म्हणाला, ‘त्याला मीच मारला रे. काढनाऱ्यानं पोटासाठी जिवंत ठेवला होता.’ मग तरुण पोरं कानात वायरी घालून विणायला बसू लागली, त्यांची त्यांची चित्रं त्यांच्या त्यांच्या हातात. एका वर्षी पोतं घरातून बाहेर आलंच नाही. कोणी विचारलंही नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते थंडीत. खोकल्याने त्याला खुर्चीत बसवलं होतं. अंगावर गोधडी, समोर बोंबलांची रांग, आणि मांडीवर ते पुस्तक, शेवटच्या भागाचं. पान तेच होतं. तो ओठांतल्या ओठांत इंजिनाचा आवाज काढत होता. मला पाहून थांबला नाही.

तेवढ्यात लक्ष्मीमाय टोपली घेऊन रांगेमागून आली. तिला वाकून चालावं लागत होतं. जनूदादाने पुस्तक झाकायला हात उचलला, पण त्याचे हात आता सावकाश उठत. तिने चित्र पाहिलं. टोपी उडवणारी माणसं, पाण्यातून वर आलेला तो.

‘झाकू नको,’ ती म्हणाली. ‘म्हाईत हाय मला.’

‘कवापासनं?’

‘तवापासनंच. तू फिरवलं नाय ना.’

 तिने टोपली खाली ठेवली आणि ती खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

‘संपला म्हनून कोनीतरी सांगायला पायजे होतं, जनू,’ ती म्हणाली. ‘सगळे नुसते समजावत होते.’

मग तिने हात पुढे केला. ‘दाखव आता. नीट दाखव.’

जनूदादाने पुस्तक दोन्ही हातांनी उचललं, उलटं फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. ते त्याला पेलेना, म्हणून मी खालून आधार दिला. तिचं चित्र पूर्ण बघून होईपर्यंत त्याने ते खाली घेतलं नाही.

तो त्याच महिन्यात गेला. वहिनींनी पोतं मला दिलं. ते माझ्या पालघरच्या खोलीत कपाटाखाली आहे. मांडव अजून उभा राहतो, जाळी अजून विणली जातात. मोठ्याने कोणी वाचत नाही.